नेहमीचे पंच

मलकप्पा बिराजदार, म्हणजे आमचे अण्णा, यांची सकाळी गाठ पडू नये म्हणून आमच्या वसाहतीतील निम्मी माणसे दूध आणायला मागच्या गल्लीने जात असत. मीही त्यांतलीच. अण्णा वाईट होते असे मुळीच नाही. पण ते थांबवत, आणि थांबवले की प्रश्न विचारत.

"बाई, काल चौकात दंगा झाला तवा तुमी गच्चीवर व्हता की. जो पोरगा पळाला त्याचा शर्ट कसला व्हता?"

"अण्णा, मला पहिला तास आहे."

"मग आटवा. संध्याकाळी सांगा."

आणि संध्याकाळी ते खरोखरच फाटकापाशी येऊन उभे राहत.

हे अण्णा म्हणजे आमच्या भागातील कायमचे पंच. येथे एक खुलासा आवश्यक आहे. पंच म्हणजे गावकीचा निवाडा करणारी मंडळी नव्हेत. गुन्हा घडला की पोलीस जागेची पाहणी करतात, हत्यार किंवा कपडे जप्त करतात, आणि जे दिसले ते कागदावर लिहितात. त्या वेळी पोलीस खात्याबाहेरचे दोन प्रतिष्ठित नागरिक तेथे हजर असावे लागतात. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, लिहिलेले बरोबर असेल तर सही करायची, आणि पुढे खटला उभा राहिला की न्यायालयात जाऊन तेच सांगायचे. नागरिकशास्त्राच्या तासाला मी एवढेच शिकवत असे आणि मुली उत्तरपत्रिकेत एवढेच लिहीत. दोन नागरिक हे किती दुर्मीळ पीक आहे, हे मात्र अण्णांच्या शेजारी घर बांधल्यावरच मला कळले.

अण्णा मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, दारात मराठी. नोकरी सगळी रेल्वेत, तीही बहुतेक कुर्डुवाडीच्या पार्सल कचेरीत झाली. तेथे दुसऱ्यांनी बांधलेली गाठोडी फुटलेली आहेत की धड आहेत, हे सही करण्याआधी पाहायची सवय त्यांना लागली ती सुटलीच नाही. निवृत्तीनंतर विजापूर रस्त्याच्या बाजूला, त्या वेळी माळच असलेल्या जागेत, त्यांनी घर बांधले. गळ्यापर्यंत बटणे लावलेला पांढरा सदरा, पायात काळे बूट आणि खिशात स्वतःचे पेन. पोलिसांचे पेन ते वापरत नसत. का, असे मी एकदा विचारले. "दुसऱ्याच्या पेनानं सही केली की घाई व्हती," असे उत्तर मिळाले. या उत्तराचा अर्थ मला अजूनही नीट लागलेला नाही.

आमचे शहर वाढले तसे अण्णांचे काम वाढले. शहर वाढते म्हणजे काय, हे मी भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवत असे: येथे नवा रस्ता, येथे नवे भूखंड, येथे पूर्वी ज्वारी होती. नकाशावर न दिसणारी गोष्ट अशी की घरे वाढतात त्या वेगाने ओळखी वाढत नाहीत. माझ्या लहानपणी चाळीत भांडण झाले तर सोडवणारे भांडणाऱ्यांपेक्षा जास्त असत. आता सोडवणारे खिडकीतून चित्रण करतात. पूर्वीची मारामारी हातांनी, फार तर काठीने होई. आता ऊस तोडायचा कोयता मोटारसायकलच्या सीटखाली असतो आणि ज्याच्याकडे तो असतो त्याने आयुष्यात ऊस तोडलेला नसतो. भर चौकात मोटारसायकलीवर केक ठेवून तो तलवारीने कापायचा, आणि त्याचे चित्रण गाणे लावून मोबाईलवर टाकायचे, हा वाढदिवस साजरा करण्याचा रिवाज झाला आहे. हल्ला होतो तो "माझ्याकडे का बघतोस" एवढ्यावरून. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात "किरकोळ कारणावरून" असे छापून येते.

हे दोन शब्द वाचले की अण्णा वर्तमानपत्र खाली ठेवत. "कारण किरकोळ असतंय व्हय. कोयता किरकोळ नसतोय की."

पोलिसांना अण्णा सोयीचे होते, असा बाहेरच्यांचा समज होता. तो साफ चुकीचा होता. चौकीतले हवालदार गायकवाड यांनी एकदा माझ्यासमोर कपाळाला हात लावला होता. आमच्या मागच्या घरी चोरी झाली होती आणि चोराने जाता जाता घरमालकाला चाकू मारला होता. अण्णा पंच म्हणून आले. गायकवाडांनी लिहिलेले वाचून दाखवले आणि कागद पुढे केला.

"हितं लिवलंय, भिंतीवर रक्ताचे डाग," अण्णा म्हणाले.

"मग? दिसत नाहीत का?"

"डाग दिसत्यात. रक्ताचे हायत का पानाचे, ते मला कसं कळणार? तपासणीला पाठवणार न्हाई का तुमी?"

"अण्णा, माणसाला चाकू लागलाय. भिंतीवर पान कोण खाणार?"

"खाल्लं नसंल. पर मी बघितलंय ते तांबडे डाग. तांबडे लिवा."

गायकवाडांनी कागद फाडून पुन्हा लिहिला. दुसऱ्या वेळी अण्णांना दाराची दिशा चुकलेली आढळली. तिसरा कागद वाचून झाला तेव्हा घरमालकाची बायको, जिचा नवरा दवाखान्यात होता, ती बिचारी म्हणाली, "अहो, एकदाची सही करा आणि सोडा आम्हाला." अण्णांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि चौथ्यांदा पहिल्यापासून वाचायला घेतले.

त्यांच्या घरी याहून निराळे नव्हते. पार्वतीवहिनींनी भाकरी वाढायची आणि चौकीची गाडी दारात थांबायची, हे इतके ठरून गेले होते की वहिनी गाडीतल्या शिपायालाच ओरडून सांगत, "घेऊन जा रे बाबा! जावई करून घ्या तुमच्या चौकीचा! हितं एक माणूस जेवायला असतंय ते बी सरकारनं नेलं!"

"आलोच," अण्णा म्हणत.

"कवा आलाव लवकर? तितं मुडदा थांबंल, भाजी थांबत न्हाई."

खरी कसोटी दुसऱ्या पंचाची असे. पहिले पंच अण्णा ठरलेलेच. दुसरा शोधायला तेच निघत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. एकदा नेमक्या पाण्याच्या दिवशी चौकात दोन टोळक्यांत हाणामारी झाली. एकाच्या डोक्यात फरशी घातली गेली. पोलीस आले, अण्णा बूट घालून तयार, आणि दुसरा पंच मिळेना. कुणी टाकी भरत होते, कुणी बादल्या. अण्णा एकेका फाटकाशी जाऊन उभे राहत.

"देशपांडेसाहेब, जरा यायला पाहिजे. पंच म्हणून."

"अहो अण्णा, पाणी आलंय!"

"वैनी हायत की नळाला."

"तिला मोटर चालू करता येत नाही."

आतून देशपांडेवहिनींचा आवाज आला, "येते हो मला!" देशपांड्यांनी दार लावून घेतले. पुढच्या घरातील बँकेतले गृहस्थ म्हणाले की त्यांची बदली होण्याची शक्यता आहे. त्याच्या पुढचे म्हणाले की ते भाडेकरू आहेत, आणि भाडेकरूला प्रतिष्ठित म्हणता येईल का? हा प्रश्न अण्णांना योग्य वाटला. त्यावर ते रस्त्यात उभे राहून बराच वेळ विचार करत राहिले. मला तेव्हा त्या भाडेकरूपेक्षा अण्णांचाच राग आला. जगात एखादी सबब तरी सबब म्हणून ओळखता यायला हवी की नको?

वसाहतीच्या बैठकीतही तेच. वाढत्या मारामाऱ्यांवर उपाय म्हणून वर्गणी काढून कॅमेरे बसवायचे ठरले. कॅमेरे बसले तेव्हा त्या सगळ्यांचे तोंड ज्याच्या त्याच्या गाडीकडे होते. चौक एकातही दिसत नव्हता. अण्णांनी ते सांगितले तेव्हा सचिव म्हणाले, "चौकाचं पोलीस बघतील. आपण कशाला त्यात पडायचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ही मंडळी वाईट नव्हती. अडल्यानडल्याला रक्त देणारी, मुलांना शिकवणारी माणसे होती. त्यांना कोर्टाची पायरी चढायची नव्हती, आणि ज्याच्याविरुद्ध सही करायची तो उद्या चौकात उभा दिसणार याची भीती होती. दोन्ही गोष्टी समजण्यासारख्या होत्या. म्हणूनच दर वेळी अण्णा जात होते, आणि त्यातूनच पुढचा अनर्थ घडला.

चौकाच्या तोंडाशी लक्ष्मक्काची पिठाची गिरणी आहे. लक्ष्मक्का तेलुगु विणकरांच्या घरातल्या. यंत्रमाग बंद पडला तेव्हा नवऱ्याच्या मागे त्यांनी ही गिरणी घातली. मुलगा नरसिंग दळण दळायचा. एका संध्याकाळी गिरणीच्या दारात केक कापायला मोटारसायकली आडव्या लागल्या. दळणाचे डबे घेऊन बायका खोळंबल्या. नरसिंग बाहेर येऊन म्हणाला, "भाऊ, जरा बाजूला घ्या की गाड्या." एवढेच. दुसऱ्या दिवशी तोंडाला रुमाल बांधलेले तिघे कोयता घेऊन आले. नरसिंगने डोके वाचवायला उजवा हात वर केला. हात राहिला, पण बोटे वळत नाहीत. आता त्याला डबा उचलता येत नाही.

पोलिसांनी तिघांना पकडले. त्यांतला एक कोयता कोठे टाकला ते दाखवायला तयार झाला. तोंडे झाकलेली असल्यामुळे नरसिंगला कुणाला ओळखता येत नव्हते; ज्या दोन दुकानदारांनी पाहिले होते त्यांना नंतर काहीच आठवेना. म्हणजे सगळा खटला त्या कोयत्यावर उभा होता, आणि कोयता सापडला तेव्हा हजर असलेल्या पंचांवर. पंच अण्णा, आणि चौकातला एक मोबाईलवाला, ज्याला अण्णांनी अक्षरशः हाताला धरून नेले होते. अर्धवट बांधलेल्या एका बंगल्यामागे, खडीच्या ढिगातून आरोपीने स्वतःच्या हाताने कोयता काढून दिला. अण्णांनी त्याही दिवशी गायकवाडांना कागद पुन्हा लिहायला लावला, कारण ढीग खडीचा होता आणि गायकवाडांनी वाळूचा लिहिला होता.

खटला उभा राहायला काही वर्षे गेली. लक्ष्मक्कांना सोबत म्हणून मी न्यायालयात गेले होते. मोबाईलवाल्याने पहिल्याच प्रश्नाला हात झटकले: त्याची सही कोऱ्या कागदावर घेतली होती म्हणे. मग अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. कोयता ओळखला, त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरची आपली सही ओळखली, सगळे नीट सांगितले. लक्ष्मक्कांनी माझा हात घट्ट धरला होता. तेवढ्यात आरोपींचे वकील उठले.

"बिराजदारसाहेब, यापूर्वी कधी पंच होता?"

"व्हतो की."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई. लई वेळा."

"पोलीस बोलावतील तेव्हा जाता?"

"जातो की. दुसरं कोण येत न्हाई."

"म्हणजे पोलिसांना पंच हवा असला की ते तुमच्याच दारात येतात?"

"व्हय."

"चौकीत चहा वगैरे घेता?"

"घेतो. बिनसाखरेचा."

न्यायालयात हशा पिकला. वकीलही हसले आणि खाली बसले. त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नव्हती. सरकारी वकिलांनीही काही विचारले नाही.

मी बाहेर व्हरांड्यात अण्णांना गाठले. मला वर्गात कधी इतका चढा आवाज लावावा लागला नव्हता. "अण्णा! तुम्ही त्याच पोलिसांना किती वेळा कागद फाडायला लावले आहेत, हे सांगायचं होतं! डाग रक्ताचे लिहू दिले नाहीत, वाळूची खडी करायला लावली, हे सांगायचं होतं!"

"ते विचारलं न्हाई त्यांनी."

"न विचारता सांगायचं!"

"न विचारता कसं सांगणार, बाई? मग पढवून आणलाय म्हणतील की."

काही दिवसांनी निकाल लागला, तेव्हाही आम्ही सगळे न्यायालयात होतो. पंच पोलिसांचे नेहमीचे आहेत, ते स्वतंत्र नागरिक मानता येत नाहीत, म्हणून कोयत्याचा पुरावा विश्वासार्ह नाही, आणि संशयाचा फायदा आरोपींना. तिघे सुटले. चार पावलांवर उभे असलेले गायकवाड भिंतीकडे पाहत होते. अण्णा म्हणाले, "न्यायाधीशांचं बरोबर हाय. दरवेळेला एकच माणूस म्हटल्यावर कुणालाबी शंका येणार."

एखाद्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा इतका संताप येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हते. लक्ष्मक्का तर पुढे होऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अण्णा, माझ्या पोराचा हात गेला. आनि तुमी चहाला साखर नाही, ते बी सांगून आलाव?"

अण्णांनी हात जोडले.

"उद्यापासून माझ्या गिरणीवर येऊ नका. तुमचं दळण दुसरीकडं करा."

ते दळण पुढे वहिनी दूरच्या गिरणीवरून आणत, आणि डबा ठेवताना अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात आपटत. सुटलेले तिघे चौकात दिसू लागले. ते तेथे असतील त्या वेळेला नरसिंग गिरणीत येईनासा झाला. वसाहतीत सगळे एकमेकांना सांगत होते की बघा, त्यात पडून काय उपयोग झाला? अण्णा सकाळी फाटकाशी उभे राहत, पण कुणाला काही विचारत नसत. लोकांनी पुन्हा पुढच्या गल्लीने जायला सुरुवात केली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, चौकात पुन्हा हल्ला झाला. या वेळची मुले निराळी होती, आणि मार खाल्लेला मुलगा घरोघरी पार्सल पोचवणारा होता. गाडीला कट मारला म्हणून त्याच्या पोटात चाकू खुपसला होता. मी दळणाचा डबा घेऊन गिरणीवर आले होते. चौकीची गाडी नेहमीप्रमाणे अण्णांच्या दारात गेली. जरा वेळाने अण्णा चालत बाहेर आले, आणि मागून गायकवाड.

"अण्णा, चला ना. आता मोबाईलवर चित्रणही करतो आम्ही. काही अडचण नाही."

"मी न्हाई यायचा. माझं नाव लागलं की केस पडती. त्या पोराची पाडू नका." आणि ते देशपांड्यांच्या फाटकाशी गेले. मग बँकेतल्या गृहस्थांच्या. मग भाडेकरूच्या. दारे उघडत होती, कोणीतरी दोन वाक्ये बोलत होते, दारे मिटत होती. "अण्णा, तुम्हीच जा ना, तुम्हाला सवय आहे," असे एका बाईंनी खिडकीतून सांगितले. ऊन कडक होते. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. तरी ते पुढच्या घंटेकडे गेले. मला ओरडून सांगावेसे वाटले, की अण्णा, पुरे झाले, घरी जा.

गिरणीचा पट्टा थांबला. लक्ष्मक्कांनी मोटर बंद केली होती. त्या पदराला पीठ पुसत रस्त्यावर आल्या.

"हवालदार, बाई माणूस चालतं का?"

"चालतं की, मावशी."

"मी माझ्या पोराची फिर्याद दिली. पण असल्या कागदावर सही कधी नाही केली. चालेन ना?"

गायकवाडांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा लगबगीने आले, पण लक्ष्मक्कांपासून चार हात दूर थांबले. "वाचून घ्या," ते म्हणाले. "वाचता येत नसंल तर वाचून घ्यायला लावा. पटलं न्हाई तर सही करू नका."

"मला कळतं," लक्ष्मक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "टीचर, तुमी बी चला. दोन लागतात म्हणे." मी डबा खाली ठेवला. लक्ष्मक्का दोन पावले जाऊन थांबल्या, आणि अण्णांकडे न पाहता म्हणाल्या, "गिरणी उघडी हाय. कुणीतरी बसायला पायजे."

आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरले होते. गिरणीच्या दारात डब्यांची रांग लागली होती आणि रांगेतल्या बायका चिडल्या होत्या. लक्ष्मक्कांच्या स्टुलावर अण्णा बसले होते, ताठ, गळ्यापर्यंत बटणे लावून, आणि त्यांच्या भुवया, मिशा, बूट सगळे पिठाने पांढरे झाले होते. मोटर बंदच होती. ती कशी चालू करायची हे त्यांना माहीत नव्हते आणि त्यांनी बटणाला हातही लावला नव्हता.

"अहो, किती वेळ?" एक बाई विचारत होती. "मालकीण गेली कुठे?"

"पंचनाम्याला," अण्णा सांगत होते. "येतील की. नीट बघून येतील. बसा."